काशीत सोडलेलं गोड

राजाजीनगरात आमच्या घरमालकीण गिरिजक्का करायच्या तशा चिरोट्या मी अजून कुठे खाल्लेल्या नाहीत. सणाला त्या परातभर चिरोट्या करत, गल्लीभर वाटत आणि स्वतः एकीलाही तोंड लावत नसत. कुणी फारच आग्रह केला तर दोन्ही हात कानांना लावून म्हणत, "बेडा गं, नको. काशीत गोड सोडलं मी." काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक लोक हुशारीनं पेरू नाहीतर कारलं सोडतात आणि पुण्य पदरात पाडून घेतात. सरसकट गोड सोडणारी बाई मी तरी एकच पाहिली. त्यांच्या भजनी मंडळात या एका गोष्टीमुळे त्यांना फार मान होता. आरतीचं ताट आधी त्यांच्या हातात यायचं.

आम्ही नवराबायको पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला गेलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्याखालून हाक मारली, "ए पुणेकर, ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढंच विचारत होत्या, पण मी घाबरून माझ्या मोडक्या हिंदीत काहीतरी उत्तर दिलं. तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मराठीत बोल की. आम्ही काय आजचे आलोय? आमचं घराणं इकडं घोड्यावरनं आलं. तुम्ही आलात कंपनीच्या बसनं." त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असायची आणि तरी माझी मराठी बिघडलेली आहे असं त्यांचं ठाम मत होतं. मी 'ॲक्च्युअली' म्हटलं की त्या कपाळाला हात लावायच्या.

बाई उंच, ताठ, भरभर चालणारी. जेवण झालं की पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आतच चप्पल पायात. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, पाऊस असला तर छत्री घेऊन. कॉफी कडू प्यायच्या. "साखर घातली की कॉफीचा वास मरतो," असं सांगून त्यांनी माझ्या नवऱ्यालाही ती सवय लावायचा प्रयत्न केला. अधूनमधून पिशवी काखोटीला मारून आनेकलला जायच्या, दोन बसा बदलून. तिथे त्यांची चुलतबहीण होती म्हणे, तिला बरं नसायचं. ही चुलतबहीण वर्षानुवर्षं आजारीच होती. ती कधी इकडे आली नाही, तिचा फोन आला नाही, आणि तिला नेमकं काय होतं तेही कुणाला कळलं नाही. आम्ही कुणी विचारलंही नाही, कारण 'घरातलं घरात' हा अक्कांचा कायदा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण त्या दिवसातून एकदा तरी म्हणत.

आजारपण म्हणजे त्यांच्या लेखी अब्रूवरचा डागच. त्यांचे यजमान हयात असताना त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. अक्कांनी गल्लीत सांगून टाकलं की अण्णा तिरुपतीला गेलेत. आठवड्यानं अण्णा घरी आले ते डोक्यावर सगळे केस घेऊन. तिरुपतीहून केस न देता येणाऱ्याला लोक विचारणारच. मग अक्कांनी त्यांना ऐन उन्हाळ्यात माकडटोपी घालून कट्ट्यावर बसवलं. अण्णा घामाघूम होऊन बसलेले आणि येणाराजाणारा त्यांच्याकडे तिरुपतीचा लाडू मागतोय. शेवटी लाडूही घरी वळावे लागले. ही गोष्ट मला त्यांची एकुलती एक मुलगी वसू हिनं सांगितली, आणि सांगताना ती हसून हसून जिन्यावर बसली. तेव्हा वसूला सातवा महिना लागत होता आणि ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

वसूचं सासर यशवंतपूरचं. धान्याचा घाऊक व्यापार, घरात सासूचा शब्द चालायचा. वसू मात्र स्वभावानं मोकळी, आईच्या अगदी उलट. तिला तपासणीसाठी जवळच्या नर्सिंग होममध्ये न्यायचं होतं आणि गाडी माझ्याकडे होती, म्हणून मीही गेले. ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, रक्त घेतलं, पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की साखर वाढली आहे. गरोदरपणात होतो तो मधुमेह. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतो, यात तुमची चूक नाही, जेवणखाण आणि चालणं सांभाळलं तर बहुतेक वेळा एवढ्यावरच निभावतं, नाहीतर इन्सुलिन आहेच. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला मधुमेह? आईवडिलांना?"

वसूनं आईकडे पाहिलं. गिरिजक्का पदर सारखा करत म्हणाल्या, "इल्ला. आमच्याकडं कुणालाच नाही."

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी मुलीला बजावलं, "सासरी सांगू नको. तीन महिन्यांचा प्रश्न." वसू म्हणाली, "आई, मी काय चोरी केली का?" तिनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं त्याच्या आईला सांगितलं.

पण एक मात्र खरं, स्वयंपाकाची बाजू अक्कांनी अशी काही उचलली की मी बघत राहिले. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेला गोळा, केला तर लिंबाएवढा, बरोबर अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ. भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी, त्यात काकडी, वर लिंबू. भात वाटीत मोजून, आधी भाजी खायची मग भात. मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे नाहीतर ताक. शेजारणीनं येऊन सांगितलं की साखर नको पण गूळ चालतो, गूळ नैसर्गिक असतो, तर अक्का तिच्यावर वसकन ओरडल्या, "गूळ म्हणजे साखरेची थोरली बहीण. दोघी एकाच घरच्या." मला वाटलं, काय झटपट शिकल्या या वयात.

बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणलं होतं. सकाळी उठल्यावर आणि प्रत्येक जेवणानंतर बघायचं. पण अक्का म्हणायच्या, "दार लाव आधी." दार लावून, खिडकीचा पडदा ओढून, दूधवाला गेला की नाही ते पाहून मगच त्या वसूला बोट पुढं करू द्यायच्या. हळूहळू वसूही तशीच झाली. मी एकदा वरून लिंबं द्यायला खाली गेले तर ती न्हाणीघरात नळ सोडून बसलेली, का तर टोचताना 'टक्' असा आवाज होतो. एवढी हसरी मुलगी, बोट पाठीमागे लपवून माझ्याशी बोलत होती.

डोहाळजेवण मात्र थाटात करायचं ठरलं, कारण नाही केलं तर लोक विचारतील. हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, भजनी मंडळातल्या सगळ्या बायका. आता या समारंभात प्रत्येक सवाष्णीनं गरोदर बाईच्या तोंडात गोडाचा घास घालायचा असतो आणि तिनं तो नाकारायचा नसतो. वसू घासाघासाला आईकडे बघत होती. अक्का नजर चुकवून चिरोट्या वाढत होत्या. चारपाच घास झाल्यावर वसू म्हणाली, "आता पुरे, मला साखर आहे ना." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली.

तेव्हा तिच्या सासूबाई पुढे आल्या. बाई वाईट नव्हती, पण तिला चारचौघांत हार मानायची सवय नव्हती. म्हणाली, "आमच्या घरी कुणाला साखर नाही हं. आम्ही पोतीच्या पोती गूळ विकतो, पण कुणाला काही नाही. माहेरी कुणाला नाही, सासरी कुणाला नाही, मग आली कुठनं? ही ऑफिसातनं येताना केक घेऊन यायची, तो मी डोळ्यांनी बघितलाय." बायका हसल्या. मग तिनं गिरिजक्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वसूला म्हणाली, "आईकडं बघ जरा. काशीत गोड सोडलं, बोटावर घेऊन चाखलं नाही कधी. अशा आईच्या पोटी येऊन तुला जिभेवर ताबा नाही?"

सगळ्याजणी गिरिजक्कांकडे कौतुकानं बघत होत्या. त्या वसूच्या अगदी शेजारी उभ्या होत्या, हातात ताट. मला वाटलं, आता ही बाई विहिणीला काहीतरी सणसणीत सुनावणार, कारण उलट उत्तराला त्या कधी कुणाला हार गेल्या नव्हत्या. पण त्यांनी ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सरी, बरं, आरती करून घेऊ."

त्या दिवसापासून वसूनं भात सोडला. मग मुद्दा सोडला. मग दुपारचं सगळंच. काकडी, ताक, कोमट पाणी. यंत्रावरचे आकडे असे सुरेख यायला लागले की सासूबाईंनी फोनवर शाबासकी दिली, "बघ, मनात आणलं की होतं." अक्का ताट घेऊन तिच्या मागे मागे फिरायच्या. "स्वल्प खा गं, एवढा घास." ती म्हणायची, "नको. माझा जिभेवर ताबा नाही ना?" अक्का ताट घेऊन स्वयंपाकघरात परत जायच्या आणि बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत.

एका सकाळी ती फाटकाजवळ चालता चालता खाली बसली आणि तिथेच कलंडली. मी वरून पाहिलं आणि धावले. नर्सिंग होममध्ये सलाईन लावलं, लघवी तपासली. जावयाला फोन केला, तो दुकानातून आईला घेऊनच आला आणि पैसे भरायला काउंटरवर गेला. सासूबाईंच्या हातात डबा होता, काकडीची कोशिंबीर आणि ताक. डॉक्टर मात्र चांगल्याच चिडल्या होत्या. म्हणाल्या, साखर ताब्यात ठेवायची म्हणजे उपाशी राहायचं असं कुणी सांगितलं? पोटात धान्य नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्याचा त्रास बाळालाही होऊ शकतो. आकडे चांगले दिसतात, पण पोटातलं मूल आकडे खात नाही. "भात कुणी बंद करायला लावला?"

सासूबाई डब्याकडे बघायला लागल्या. वसू उशीवरून म्हणाली, "कुणी नाही. माझी मीच केला. खादाडपणानं झालं सगळं, मग मलाच निस्तरायला नको?" हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला ते खरंच वाटत होतं.

गिरिजक्का बेसिनपाशी पिशवी धरून उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी विचारलं. घरात कुणाला आहे का म्हणून. मला आहे."

डॉक्टरांना याचं काहीच वाटलं नाही. अशी उत्तरं बदलणारी माणसं त्या रोज बघत असणार. "किती वर्षं?" एवढंच विचारून त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "आईला असली की मुलीला व्हायचा संभव वाढतो. ते आधी कळलं असतं तर आम्ही सुरुवातीलाच तपासलं असतं." आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर गेल्यावर अक्का विहिणीकडे वळल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी बाई, तिच्या ओठांजवळ कान न्यावा लागेल असं बोलत होती.

"काशीत मी गोड नाही सोडलं, विहीणबाई. पडवळ सोडलं. तेही मला आवडत नव्हतंच. गोड आनेकलच्या डॉक्टरनं सोडायला लावलं. तिकडं माझी कोण बहीण नाही."

पुढे हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते पडवळापाशी हसतात. त्या खोलीत कुणी हसलं नाही. मला तिथून बाहेर जायचं होतं आणि पाय निघत नव्हता. एखाद्या मोठ्या माणसाला उघडं पडताना पाहिलं की आपल्यालाच लाज वाटते, तसं झालं.

सासूबाई म्हणाल्या, "सोयरीक जुळवताना मी विचारलं होतं. घरात काही दुखणं आहे का म्हणून."

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं. वसूला ठाऊक नव्हतं. तिला बोलू नका, मला बोला."

"गोळ्या कुठं ठेवतेस?" वसूनं मधेच विचारलं. एवढ्यात तिला हेच का विचारावंसं वाटलं कुणास ठाऊक.

"हिंगाच्या डबीत."

वसू म्हणाली, "आई, डोहाळजेवणाला सासूबाई मला बोलल्या तेव्हा तू माझ्या शेजारी होतीस."

"होते की गं."

"मग?"

"लाज वाटली."

"आणि मला वाटत नव्हती?"

वसूनं भिंतीकडे तोंड केलं. सासूबाईंनी डबा उचलला, पुन्हा ठेवला, शेवटी घेऊनच गेल्या. त्या दुपारी नर्सिंग होमच्या खानावळीतून भात आणि सार आलं आणि वसूनं ते सगळं खाल्लं. भरवायला अक्का पुढे झाल्या तेव्हा ती म्हणाली, "माझी मी खाते."

आम्ही घरी यायच्या आत बातमी भजनी मंडळात पोचली होती. त्यानंतर अक्का मंडळात गेल्या नाहीत. बोलावणं आलंच नाही म्हणा. कट्ट्यावर बसणं बंद झालं. जेवणानंतर चालायला जायच्या त्या गल्ली सोडून मागच्या बाजूनं. एक दिवस कुणीतरी फाटकाला चांगलं हातभर लांब पडवळ अडकवून गेलं. मला इतका संताप आला की मी ते फेकून देणार होते. अक्कांनी ते काढून माझ्या हातात दिलं. "तुम्ही करून खा. एवढं एक तरी मी खरंच सोडलंय." आणि त्या आत गेल्या. मी त्याची भाजी केली, पण आम्हा दोघांच्याही घशाखाली ती नीट उतरली नाही.

घरात मायलेकी कामापुरतं बोलायच्या. वसू आता पोटभर आणि बेतानं जेवत होती. टोचायची वेळ झाली की ती बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, दार सताड उघडं ठेवून बसायची. पहिल्यांदा अक्का सवयीनं दार लावायला उठल्या. वसूनं नुसतं वर बघितलं. त्या परत बसल्या. मग वसूनं स्वतःचं बोट पुसून सुई बदलली आणि न बोलता आईचा हात ओढून घेतला. अक्कांचा आकडा वसूच्या दुपटीला टेकला होता. दुसऱ्या दिवसापासून दोन ताटं सारखी वाढली जाऊ लागली.

मुलगी झाली. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन साखर पाहिली, ती ठीक निघाली, वजनही बेताचं. सासूबाई आल्या, नातीला मांडीवर घेतलं, तोंडभरून कौतुक केलं. अक्कांशी मात्र पाण्यापुरतंही बोलल्या नाहीत. अक्का दाराशी उभं राहून हे सगळं बघत होत्या. सासूबाईंनी बोलायला हवं होतं असं मला वाटत नाही, पण बघवत नव्हतं.

बाळंतपणानंतर दीडेक महिन्यानं पुन्हा एकदा साखर तपासायची असते, गेली की राहिली ते कळायला. आम्ही त्याच आठवड्यात बंगळूर सोडून पुण्याला परत चाललो होतो. गाडी विकायची होती, पण तोवर होती, म्हणून मी त्यांना मेन रोडवरच्या लॅबमध्ये घेऊन गेले. अक्का म्हणाल्या, मीही करून घेते, आता लांब कशाला जायचं. सकाळची वेळ, सगळे उपाशीपोटी आलेले, बसायला जागा नाही. बाळ माझ्याकडे होतं. समोरच्याच बाकावर भजनी मंडळातल्या दोघीजणी बसलेल्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं. वसूनं खाली मान घालून मोबाइल काढला. एवढी दार उघडं ठेवून टोचणारी मुलगी, पण त्या दोघींसमोर तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शुगर इरोरु यारु? मोदलु बन्नी." साखर असलेले कोण आहेत, त्यांनी आधी या.

कुणी हललं नाही. त्या गर्दीत साखरेचे निम्मे तरी असतील, पण जो तो छताकडे, पंख्याकडे, हातातल्या कागदाकडे बघत होता.

गिरिजक्का उठल्या. एका हातानं पदर ओढून घेतला, तो जवळजवळ तोंडावरच, आणि दुसरा हात वर केला, शाळेत मुली करतात तसा. "नानु," त्या म्हणाल्या. मी. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या. कान लालबुंद झाले होते, मान खाली. काउंटरवरचा माणूस कुणाशी तरी पावतीवरून बोलत होता, त्याचं लक्ष लगेच गेलं नाही. समोरच्या दोघी बघत होत्या. सगळेच बघत होते.

मग त्या माणसानं मान वर करून "बन्नी अम्मा" म्हटलं. वसूनं मोबाइल ठेवला, आईच्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाली, "आई, बघितलं त्यांनी. हात खाली घे आता."

अक्कांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. आत जाईपर्यंत त्यांचा हात वरच होता.